हजर कोण, गैरहजर कोण

प्रिंटर माझ्यापासून हातभर अंतरावर आहे. दिवा हिरवा, पोटात कागद, चेहरा साळसूद. लॅपटॉप मात्र छातीठोकपणे सांगतो, असा कुणी प्रिंटर इथे राहत नाही! दोघंही एकाच वाय-फायवर. राउटर बंद-चालू झाला, डीएचसीपीने (राउटरमधला पत्ते वाटणारा कारकून) पत्ते नव्याने वाटले, की आमचा प्रिंटर मागे निरोपही न ठेवता बिऱ्हाड हलवतो.

राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या यंत्रांची यादी बघता येते. पण ते कुणालाही जमतं. लिनक्सवाल्याने टर्मिनलच उघडायचं असतं.

एनमॅप म्हणजे नेटवर्कवर कोण कोण आहे ते हुडकणारा प्रोग्राम. त्याला १९२.१६८.१.०/२४, म्हणजे घरातले सगळे २५६ पत्ते, एवढा इलाका नेमून दिला आणि ‘मायनस एसएन’ म्हटलं, म्हणजे पोर्ट (यंत्राची आत शिरायची दारं) चाचपू नकोस, फक्त कोण जागं आहे ते बघ. साध्या वापरकर्त्याचं काम तो वरवर करतो. ८० आणि ४४३ या दोन दारांवर टकटक, की पुढचं घर. कडक फायरवॉलवाले आतून ओही देत नाहीत. सुडो लावलं, म्हणजे मालकाचे अधिकार दिले, की हाच एनमॅप एआरपी नावाच्या प्रोटोकॉलने पुकारा करतो: अमुक पत्ता कुणाचा? हा प्रोटोकॉल १९८२ सालचा, पण झोपलेले सोडले तर त्याला उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर स्वतःचंच नेट बंद.

२५६ पत्ते तपासून झाले. घरात माणसं चार, हजर यंत्रं अकरा. मॅक पत्त्याच्या, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डावरच्या क्रमांकाच्या, पहिल्या अर्ध्या भागावरून कंपनी कळते, त्यामुळे प्रिंटर लगेच सापडला. काहींपुढे नुसतं ‘अननोन’. हे फोन. मॅकमधला दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असेल तर स्वारीने खोटं नाव सांगितलंय असं खुशाल समजावं.

इथे थांबायला हवं होतं. पण ज्याच्या पत्त्याच्या शेवटी १०९ होतं, त्याच्यापुढे ‘एस्प्रेसिफ’ लिहिलेलं. या कंपनीचं आम्ही कधी काही घेतलेलं नाही! ती चिप बनवते, आणि तिची चिप कुणाच्याही पोटात असू शकते, हे मला माहीत आहे. पण कुणाच्या?

एका खिडकीत १०९ला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी सतत हाक, चालू ठेवला आणि घरभर एकेक बटण बंद करत निघालो. टीव्ही गेला, पिंग चालूच. प्लग काढला, चालूच. हॉलचा दिवा मालवला आणि पडद्यावर आलं, ‘होस्ट अनरीचेबल’, म्हणजे हाकेला ओ नाही.

“लाइट गेले का रे?” बाबा अंधारातून ओरडले.

“नाही बाबा, एकशे नऊ सापडला!”