बेसिनच्या कडेला सुटलेल्या पॉलिशबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की फोंड्याच्या घरातल्या सागवानी ओट्याचं आणि बाथरूममधल्या बेसिनच्या फळीचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश पहिल्याच पावसात सुटलं, बेसिनभोवती काळं पडलं, दोनदा फोन करूनही कोणी आलं नाही आणि आम्ही हलका माल वापरला. फोनची चूक माझी. चवथीआधीच्या कामांत तुमचा निरोप मागे पडला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तुमचे फोटो मोठे करून पाहिले. मधला भाग अजून शाबूत आहे, पॉलिश सुटलंय ते बेसिनसाठी कापलेल्या भोकाच्या कडेनं. लाकूड आडवं कापलं की तिथे त्याच्या बारीक नळ्या उघड्या पडतात आणि त्या पाणी आत ओढतात. बेसिन बसण्याआधी ती कड तीन हात देऊन बंद करायला हवी होती. प्लंबर आधी आला, आमच्या माणसानं त्याला थांबवलं नाही, आणि कड कोरीच राहिली. खालून ओल शिरून लाकूड फुगलं आणि वरचा कडक थर पापुद्र्यासारखा उचलला गेला. नळाच्या बुडाशी जो गोल काळा डाग दिसतो, तो बहुतेक लोखंडी स्क्रूचा. लाकडातलं टॅनिन नावाचं द्रव्य, ओल आणि लोखंड एकत्र आलं की असा डाग पडतो.

माल मात्र हलका नव्हता, दोन भाग मिसळून लावायचं पीयूच होतं. उरलेला डबा दाखवीन.

दुरुस्तीचे पैसे घेणार नाही, पण आता भर ओलीत हात मारला तर पुन्हा सुटेल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बेसिन काढू, कोऱ्या लाकडापर्यंत घासू, डागाला ऑक्झॅलिक ॲसिड लावून धुऊ आणि पूर्ण वाळू देऊ. सागवानाला अंगचं तेल असतं, म्हणून आधी थिनरनं पुसून मगच पहिला पातळ हात. प्रत्येक हातानंतर ३२० नंबरचा घासायचा पेपर. या वेळी कड आणि खालची बाजूही सोडणार नाही, स्क्रू न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे घालू. शेवटच्या हातानंतर आठवडाभर त्यावर पाणी नको.

शेगडीजवळच्या पट्ट्याला पीयूऐवजी तेल द्यावं असं मला वाटतं. तिथे गरम टोप टेकतो, सुरी लागते. तेल उडालं तर तुम्ही घरीच फडक्यानं पुन्हा लावू शकता, पीयूला चरा पडला की आम्हालाच यावं लागतं. फक्त जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटू शकतात.

शनिवारी सकाळी मी स्वतः ओल मोजायचं मीटर घेऊन येतो. तोवर बेसिनभोवतीचं पाणी लगेच पुसा आणि टॉयलेट क्लीनरचा थेंबही फळीवर पडू देऊ नका. हे आम्ही काम पूर्ण करून देतानाच सांगायला हवं होतं.