कैद्यांनी किनारा झाडावा का?

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडवीचा किनारा पाहिला की कुणाचंही डोकं फिरेल. निर्माल्य, थर्माकोल, पिशव्या, मूर्तींचे तुटलेले हात. त्या संध्याकाळी मारुती मंदिराजवळच्या आमच्या कट्ट्यावर विषय निघाला तो यावरूनच, आणि नानांनी निकालच देऊन टाकला.

"आपल्या रत्नागिरीत जेल आहे ना? आत माणसं बसून खातायत, आपल्या पैशांवर. काढा बाहेर, द्या हातात झाडू. किनारा साफ होईल आणि त्यांनाही कळेल केलेल्याची किंमत काय असते."

पक्याने लगेच मान डोलावली. नानांची टपरी गेल्या वर्षी फुटली होती, त्यामुळे चोर हा विषय त्यांच्यापुढे कुणी हलक्याने घेत नाही. पण वकीलताई होत्या. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"नाना, आत बसलेल्यांतले चोर किती, हे अजून ठरलेलंच नाही. २०२२ची देशाची आकडेवारी बघा. ५,७३,२२० माणसं तुरुंगात, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा शाबितच झालेला नाही. त्यांच्याकडून जबरदस्तीने काम करून घेता येत नाही. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेल्या माणसाला तुम्ही कुठल्या गुन्ह्यासाठी किनाऱ्यावर उभं करणार?"

"मग पक्के आहेत त्यांना काढा."

"ते बसून खात नाहीत. ज्यांना सक्तमजुरी आहे, त्यांना काम करावंच लागतं. येरवड्याचं सुतारकाम बघा. नाशिकरोडच्या जेलमध्ये तर गणपतीच्या मूर्ती होतात. साध्या कैदेतल्याला काम हवं असेल तर त्याने मागायचं, मग मिळतं. हे सगळं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या खटल्यात स्पष्ट केलंय. सक्तमजुरीच्या कैद्याकडून काम घ्या, पण रास्त मजुरी द्या. फुकट राबवणं चालणार नाही."

इथे गुरुजींनी तोंड उघडलं. गुरुजी नानांच्या बाजूने बोलतील असं मला वाटलं नव्हतं, पण त्यांची वाट वेगळी होती. त्यांचं म्हणणं, शिक्षा वगैरे बाजूला ठेवा, माणसाला उघड्यावर आणा. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर त्यांनी स्वतः पाहिलंय. औंध संस्थानात १९३९ साली तिथे कैद्यांची मोकळी वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, कैदी शेती करतात, बायकामुलांसोबत राहतात. "चार भिंतींत सडवलेला माणूस बाहेर येऊन काय करणार? त्याला समुद्राचा वारा लागू दे. लोकांनाही तो दिसू दे. तो माणूस आहे हे लोकांना कळायला नको?"

मला गुरुजींचं हे पटतं. तुरुंगाबाहेरचं काम मुळातच वाईट, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण लोकांना कैदी दिसणं दोन तऱ्हेचं असतं. स्वतंत्रपुरात कुणी बघायला जमलेलं नसतं, शेत त्यांच्या हाताखाली असतं. मांडवीवर रविवारी संध्याकाळी खाकी पहाऱ्यात वीस माणसं झाडत असतील तर मोबाइल निघणार, आणि त्यांच्या पोरांच्या शाळेत ते फोटो पोचणार. ताईंनी इंग्लंडचं सांगितलं. तिथे कोर्टाने बिनपगारी काम लावलेल्यांना २००८ पासून पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली नारिंगी जाकिटं घालायला लावली, ती लोकांना शिक्षा दिसावी म्हणूनच. कैद्यांकडून रस्ते करून घेणं आपल्याकडेही जुनंच. महाबळेश्वरला इंग्रजांनी चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते. रस्ते त्यांनी केले, भाजीचे मळे त्यांनी फुलवले आणि १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. आज तिथे फिरायला जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक आहे?

एवढा वेळ दादू गप्प होता. दादू सफाईचा मुकादम. पहाटे पाचला त्याचा दिवस सुरू होतो आणि विसर्जनाच्या रात्री तर तो झोपलेलाच नसतो. तो म्हणाला, "नाना, एक विचारू? कैद्याला झाडू द्यायचा, का तर त्याने गुन्हा केला. मग माझ्या बापाने आयुष्यभर झाडू मारला, मी मारतोय, आम्ही कसली शिक्षा भोगतोय?"

नाना म्हणाले, "अरे मेल्या, तुझ्याबद्दल कोण बोलतंय?"

"माझ्याबद्दलच बोलताय. शिक्षा म्हणून गवंडीकाम द्या असं तुम्ही म्हणाला नाहीत. पोटमाळ्यावरचे हिशेब लिहायला बसवा असंही नाही. पहिलं तोंडात आलं ते झाडू. आणि दुसरं सांगतो. माझ्या हाताखाली जी पोरं आहेत, ती ठेकेदाराची. उद्या वीस माणसं फुकट मिळाली तर ठेकेदार आधी कुणाला घरी बसवेल?"

यावर पक्याने नवीन कायदा काढला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षाच आहे, मग सरकारनेही तेच मान्य केलंय की, असं त्याचं म्हणणं. ताईंनी त्याला थांबवलं, कारण इथे सगळ्यांचाच घोळ होतो. ती शिक्षा तुरुंगातल्यांसाठी नाही, तुरुंगाऐवजी आहे आणि मोजक्याच गुन्ह्यांना आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तर. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला तर. अब्रुनुकसानीलाही. अशी आणखी दोनतीन कलमं. काम समाजाच्या उपयोगाचं हवं आणि त्याला मोबदला नाही, एवढं कायदा सांगतो. काम कुठलं, ते न्यायाधीशाने ठरवायचं.

मला खरी भीती इथेच वाटते. काम कुठलं हे कायद्यात लिहिलेलं नसलं की ते माणसाकडे बघून ठरतं. दारू प्यायलेल्या हमालाला गटाराकाठचा रस्ता मिळेल आणि अब्रुनुकसानीत सापडलेल्या पुढाऱ्याला वृक्षारोपण. कुणी मुद्दाम करेल असं नाही, सहज होईल. आपल्या देशात कुणाच्या हातात काय शोभतं, हे आधीच ठरलेलं असतं.

तुरुंगांत तर ते छापील होतं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला, तोवर राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीनुसार कामं लिहिलेली होती. उत्तर प्रदेशच्या नियमांत साध्या कैदेतल्याला हलक्या दर्जाचं काम देऊ नये असं होतं, मात्र तो अशा कामाची सवय असलेल्या समाजातला असेल तर चालेल! संविधान येऊन सत्तर वर्षं उलटल्यावरही हे पुस्तकात होतं. न्यायालयाने ते रद्द केलं.

आणि हे सगळं आपल्या रत्नागिरीच्याच तुरुंगात एकदा ऐरणीवर आलं होतं. कट्ट्यावर ते फक्त गुरुजींना माहीत होतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन सत्याग्रही म्हणून या तुरुंगात होते. त्यांनी संडास सफाईचं काम मागितलं. नाकारलं गेलं, कारण ते ब्राह्मण. त्या कामासाठी अप्पांनी अन्न तोडलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींना हे कळलं आणि डिसेंबरात त्यांनीही अप्पांसाठी उपोषण सुरू केलं, ते सरकारकडून आश्वासन मिळाल्यावरच सोडलं. म्हणजे एका कैद्याला सफाई करायची होती आणि तुरुंग ती करू देत नव्हता. पुढे अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रमात त्याच कामाला वाहून घेतलं.

दादू हे ऐकत होता. म्हणाला, "त्यांनी मागून घेतलं. ते वेगळं."

वेगळं आहेच. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडायचे ते कुणी शिक्षा दिली म्हणून नव्हे. म्हणून कैद्यांनी सफाई करूच नये, असं मी म्हणत नाही. करावी, पण त्याने स्वतः हो म्हटलेलं असावं, त्याला मजुरी मिळावी, पाठीवर पाटी नसावी आणि आधीपासून ते काम करणाऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये. आणि नव्या कायद्याखाली समाजसेवा द्यायची तर कामांची यादी सगळ्यांना एकच हवी. त्यात झाडू असेल तर पुढाऱ्यालाही झाडूच.

नानांना हे पचलं नाही. "म्हणजे त्याने चोरी करायची, वर मजुरी घ्यायची, आणि माझं काय? माझं कुलूप तुटलं, गल्ला गेला, पोलिसांत चार खेटे घातले. माझं कोण बघणार?"

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळचा सगळ्यात रास्त प्रश्न हाच होता आणि कैद्यांच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक नेमका तोच टाळतो. उत्तर ताईंनीच दिलं. त्याच १९९८च्या निकालात न्यायालयाने म्हटलंय की कैद्याच्या मजुरीतला काही भाग, ज्याचं नुकसान झालं त्याच्या भरपाईसाठी बाजूला काढावा, त्यासाठी राज्यांनी कायदा करावा. फुकट राबवलं तर तो भाग येणार कुठून? आपल्या महाराष्ट्रात तुरुंगातली मजुरी बाहेरच्या किमान वेतनाच्या आसपासही नाही. त्यातून नानांचं कुलूपही येणार नाही.

नाना थोडा वेळ हिशेब करत बसले. मग म्हणाले, "तसं असेल तर वाढवा त्याची मजुरी. पण माझा वाटा आधी काढायचा, मग त्याचा."

यावर पक्या आणि दादूची पुन्हा जुंपली. वाटा किती, निम्मा की चौथाई, आणि आत असलेल्याच्या पोराबाळांनी तोवर काय खायचं. दहा वाजले तरी ते मिटलं नव्हतं.