सा. न. वि. वि., मॅडम

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता अठरा माणसांच्या देखत माझा कान पिरगाळण्यात आला. मी पन्नाशीचा आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. ट्रान्सपोर्टवाल्याचं एक बिल दोन महिने पुण्याच्या ऑफिसात अडकलंय. पहिली मेल 'डिअर मॅडम'ने सुरू केली. दुसरीही. तिसऱ्यांदा त्याच मेलच्या शेपटीला एवढंच लिहिलं, "बिल पुन्हा जोडलंय. कृपया बघा." 'कृपया' आहे, हे नोंदवून ठेवा. उत्तर पाच मिनिटांत आलं. दोन महिने जे हललं नाही, ते पाच मिनिटांत! बिलाबद्दल चकार शब्द नाही. मेलची सुरुवात अभिवादनाने करावी, शेवटी रिगार्ड्स लिहावं, बेसिक एटिकेट पाळावा. सीसीत अठरा जण. त्यात मालक, मालकांचे जावई आणि गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेला एक जण, ज्याचा पत्ता यादीतून काढायला अजून कुणाला सवड झालेली नाही.

अहो, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना माणूस दर खेपेला नमस्कार करतो का?

"काय झालं बे? तोंड का असं केलास?" मागून आवाज आला.

हे आमचे अण्णा. हिशेबातून रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी रोज दुपारी येतात, कारण घरी पंखा आहे आणि इथं एसी. आणि ते 'बे' मनावर घेऊ नका. सोलापुरात 'बे' म्हणजे शिवी नाही, 'आपलं माणूस' अशी पावती आहे. बापाने मुलाला म्हणावं, मित्राने मित्राला म्हणावं. आमच्या चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, 'बे'साठी अजून कुणी अर्ज केलेला नाही एवढंच.

अण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मॅडमची मेल दोनदा वाचली. मग खुर्ची ओढून बसले. मी तेव्हाच ओळखलं, आजचा डिस्पॅच गेला.

"बाई बरोबर बोलतेय. मायना नाही तर पत्र कसलं? लिही, मी सांगतो. वयानं मोठ्या का लहान?"

"माझ्या मुलीएवढ्या असतील."

"मग चिरंजीव."

"अण्णा, त्या माझं बिल पास करणार आहेत."

"मग तीर्थरूप."

"अण्णा!"

"बरं. लग्न झालंय का? सौ. लावायचं का कुमारी? आधी फोन करून विचार बे. चुकून गं. भा. पडलं तर नोकरी जाईल."

फोन करून काय विचारू? 'मॅडम, बिलाचं राहू द्या, तुमचं लग्न झालंय का?' मी 'मॅडम'वरच थांबायचं ठरवलं. अण्णांना ते मिळमिळीत वाटलं, पण पुढे सरकले.

"आता सा. न. वि. वि. घाल. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. 'सा'ला काना दे. कान्याशिवाय नुसतं 'स' लिहिलास तर सप्रेम नमस्कार होतो."

"फरक काय पडतो?"

"फरक?" अण्णांनी टेबलावर दोन्ही हात जोडून दाखवले. "हा सप्रेम." मग टेबलावरच छातीपर्यंत आडवे झाले. माझी चलनं खाली पडली. "आणि हा साष्टांग. बिल अडकलंय ना? आडवा हो."

एका कान्यात उभा माणूस जमिनीवर. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे मालकालाही 'डिअर' आणि विजेच्या बिलाची चौकशी करणाऱ्यालाही 'डिअर'. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, बायकोला मी एकदाही डिअर म्हटलेलं नाही. ते सगळं मॅडमसाठी राखून ठेवलं होतं बहुतेक.

मग अण्णांनी सीसी म्हणजे काय विचारलं. मी म्हटलं, कार्बन कॉपी. ते एकदम खुलले. टाइपरायटरच्या काळात कागदांमध्ये कार्बन घालून प्रती काढायचे, बोटं दिवसभर निळी. पाचवी प्रत इतकी पुसट यायची, की ज्याच्याकडे जायची त्याला काही वाचताच यायचं नाही. काय छान व्यवस्था होती! आज अठरावा माणूसही माझी फजिती पहिल्याइतकीच ठळक वाचतो.

शेवटचा प्रश्न रिगार्ड्सचा. मी 'वॉर्म रिगार्ड्स' टाइप केलं. अण्णांनी अर्थ विचारला. सांगितला. "मे महिन्यात?" ते म्हणाले. बाहेर बेचाळीस होतं. 'तुम्ही खुशाल असाल अशी आशा आहे' हेही त्यांनीच खोडायला लावलं. तिनं उलट तुझी खुशाली विचारली तर काय सांगशील, चार दिवस नळाला पाणी नाही?

एक गोष्ट मात्र अजून खुपते. आमच्या मालकांच्या मेलमध्ये फक्त एक प्रश्नचिन्ह असतं. अक्षर नाही, नाव नाही, नुसतं '?'. त्यावर त्याच मॅडम 'डिअर सर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे' लिहून तीन परिच्छेद पाठवतात. मालकांना एटिकेट शिकवणारी मेल मी तरी पाहिलेली नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी पहिली नेटवर्क ईमेल स्वतःलाच पाठवली, आणि तीत काय लिहिलं होतं ते नंतर त्यांनाही आठवत नव्हतं. सुखी माणूस. सीसीत कुणी नव्हतं.

शेवटी 'डिअर मॅडम, नमस्कार' असं काहीतरी धेडगुजरी लिहून, बिल जोडून, खाली 'विथ रिगार्ड्स' टाकून पाठवलं. जोडलंय की नाही ते तीनदा तपासलं. बुधवारी सकाळी उत्तर आलं. "मच बेटर! थँक यू फॉर द इम्प्रूव्हमेंट." पुढे हसरा चेहरा. त्याखाली, बिल पुढच्या महिन्याच्या पेमेंटमध्ये घेऊ. सीसीत तेच अठरा.

अण्णांनी दुपारी ते वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"शाबासकी मिळाली की बे! चहा सांग."

चहा येण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. त्यानंही अभिवादन केलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. चहाचे वीस रुपये मीच दिले.