‘बीपीए-फ्री’ने काळजी मिटत नाही
‘बीपीए-फ्री बाटली घेतली की काळजी मिटली’ हे तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए, प्लास्टिक बनवताना वापरलं जाणारं रसायन. बऱ्याच वस्तूंत बीपीएच्या जागी बीपीएस (बिस्फेनॉल एस) आलंय. तेही त्याच कुळातलं, इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीत ते हार्मोन जिथे बसतं त्या जागेला, तेही चिकटतं.

आणि दुकानातल्या बिलाच्या थर्मल (उष्णतेने अक्षरं उमटणाऱ्या) कागदाचा लेखात उल्लेखच नाही! त्यावरचं बीपीए सुटं असतं, म्हणून बोटांना लागतं आणि कातडीतून आत जातं. युरोपीय संघाने २०२० पासून अशा कागदात ते जवळपास बंदच केलं. माझी भाची सुपरमार्केटच्या कॅश काउंटरवर बसते. दिवसभर बिलं फाडायची, मध्येच सॅनिटायझर लावायचं. त्या ओल्या हातांना तर ते जास्तच लागतं. ती गरोदर आहे. अशा मुलींना दुकानदाराने निदान हातमोजे तरी द्यावेत, यावर लिहा.