क्यूचं शेपूट

क्लायंटला फॉन्ट नावडला तर माझी हरकत नसते, दुसरा दाखवता येतो. आवडला की पोटात गोळा येतो, कारण मग तो सगळीकडे लागतो. आणि आवडतो नेमका नाटकी सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना छोटे पाय फुटलेला फॉन्ट. उभ्या रेघा पैलवानाच्या दंडाएवढ्या, आडव्या जेमतेम केसाएवढ्या, सीच्या टोकाला टपोरा थेंब, आणि क्यूला असं लांबलचक शेपूट की खालच्या ओळीने जीव मुठीत धरून बसावं.

ही नाटकं जुनीच आहेत. इटलीतल्या पार्माच्या बोदोनी या मुद्रकाने आणि पॅरिसच्या दिदो या मुद्रकांच्या घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जाड-बारीक रेघांतला फरक पार टोकाला नेला. तोवर कागद गुळगुळीत झाला होता, म्हणून केसाएवढी रेघही छपाईत टिकायची. बोदोनीचा अक्षर-नमुन्यांचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८१८ साली बायकोने प्रसिद्ध केला. त्याच्या पानांवर कोरी जागा कशी ऐसपैस सोडलीय! माझ्या क्लायंटला कोरी जागा दिसली की, 'इथे फोन नंबर टाका ना' सुचतं. पुढे लंडनच्या जाहिरातींसाठी हीच अक्षरं इतकी फुगवली की त्यांना 'फॅट फेस' म्हणू लागले. निदान ते लांबून तरी वाचता यायचे.

इथे 'मिनिमम' हा इंग्रजी शब्द बारीक आकारात लावला. जोडणाऱ्या रेघा गायब, नुसते उभे दांडे उरले. कुठला एम आणि कुठला एन, हे ज्याने टाइप केलं त्यालाच ठाऊक. मोठ्या आणि छोट्या आकारासाठी वेगळं रेखाटन असलेले फॉन्ट मिळतात, हे मी सांगून पाहिलं. उत्तर आलं, "नको, तो साधा दिसतो."

मग अख्खं शीर्षक कॅपिटलमध्ये हवं झालं, तेही वेलबुट्टीवाल्या कॅपिटलमध्ये. ती एका शब्दात एकच शोभते. सगळी शेजारी बसवली तेव्हा आरचा पाय एच्या पोटात आणि केचा हात वायच्या गळ्यात. मी कर्निंग करत होतो, म्हणजे अक्षरांमधलं अंतर जुळवत होतो, की भांडण सोडवत होतो, कोण जाणे. क्लायंट म्हणाले, "रॉयल दिसतंय!"

राहिल्या अटी व शर्ती. त्याही ह्याच फॉन्टमध्ये, सहा पॉइंटात. प्रिंट हातात ठेवून मी निक्षून म्हटलं, "साहेब, यातलं एकही अक्षर कुणाला वाचता येणार नाही."

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि पहिल्यांदाच माझ्या कामावर मनापासून खूश झाले. "अगदी हेच हवं होतं!"