कॅपिटल अक्षर म्हणजे आदरार्थी बहुवचन नव्हे

फोंड्यातील आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या वतीने पाणीपुरवठ्याच्या तक्रारीचे एक इंग्रजी पत्र मी गेल्या आठवड्यात लिहून दिले. चार परिच्छेदांचे ते पत्र दुसऱ्या दिवशी चिटणिसांकडून परत आले, तेव्हा त्यावर लाल शाईने इतकी अक्षरे मोठी केलेली होती की मी ती मोजायलाच बसलो. ती सव्वीस भरली. पाणी, टाकी, इमारत, रहिवासी, तक्रार, दुरुस्ती या अर्थांच्या सगळ्या साध्या इंग्रजी शब्दांच्या आरंभी कॅपिटल अक्षर आले होते. आणि चिटणिसांनी स्वतःच्या पदरचे जे एकमेव वाक्य शेवटी जोडले होते, त्यात मात्र सोमवारसाठीच्या मंडे या शब्दाचा एम स्मॉल होता. कारण विचारले, तर उत्तर मिळाले, ‘‘पत्राला वजन येते आणि आदरही दिसतो.’’

या उत्तराने माझे डोके तापले, कारण हीच समजूत मी पणजीतल्या कचेऱ्यांपासून गावातल्या जत्रेच्या फलकापर्यंत सगळीकडे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मराठीत आदर दाखवायला आपल्याकडे ‘आपण’ आहे, ‘ते आले’ असे बहुवचन आहे, नावामागे ‘माननीय’ आहे. देवनागरीत लहानमोठ्या अक्षरांचा भेदच नाही. म्हणून इंग्रजीत तो भेद दिसताच आपण त्याला आदराच्या कामाला जुंपतो. पण इंग्रजीत कॅपिटल अक्षर प्रामुख्याने दोन गोष्टी सांगते: येथे वाक्य सुरू झाले, किंवा हे कुणाचे तरी विशेषनाम आहे. राष्ट्रपतींच्या नावाला जे कॅपिटल मिळते, तेच गल्लीतल्या मोती नावाच्या कुत्र्यालाही मिळते. मांडवी रिव्हर असे नदीचे पूर्ण नाव लिहिले, तर रिव्हरचा आर मोठा. नुसते ‘नदीला पूर आला’ असे लिहायचे असेल, तर तोच आर लहान. आणि कॅपिटल हे आदराचे चिन्ह असते, तर ‘मी’ या अर्थाचा आय नेहमी कॅपिटल आणि समोरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला उद्देशून लिहिलेला यू वाक्याच्या मध्ये स्मॉल, असे झाले असते का?

या भेदावर अर्थ अवलंबून असतो, म्हणून मी इतका चिडतो. मार्चचा एम मोठा असला की तो महिना, लहान असला की चालत जाणे. मेचा एम मोठा असला की महिना, लहान असला की ‘कदाचित’ किंवा ‘परवानगी आहे’ सांगणारे क्रियापद. एका शब्दात तर उच्चारही बदलतो: पी मोठा असला की पोलंडचा तो पोलिश, लहान असला की बुटाला करायचे पॉलिश. संपूर्ण सूचना कॅपिटल अक्षरांत छापली की हा सगळा भेद पुसला जातो, सगळ्या ओळी एकाच उंचीच्या होतात आणि नाव कोणते, साधा शब्द कोणता, हे वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवायचे. अर्जातले नाव हाताने भरताना कॅपिटल अक्षरे मागतात ती हस्ताक्षर नीट लागावे म्हणून, आणि ते योग्यच आहे; पण छापील सूचनेला ते कारण लागू होत नाही.

जुन्या कागदांत असेच लिहीत असत, हा युक्तिवादही मला ऐकवण्यात आला. होय, लिहीत असत. 1787 साली लिहिलेल्या अमेरिकेच्या संविधानात बहुतेक नामे कॅपिटलने सुरू होतात, आणि जर्मन भाषेत आजही प्रत्येक नामाला कॅपिटल लागते. करारात एखाद्या शब्दाची व्याख्या करून पुढे तो मुद्दाम कॅपिटलने लिहितात, तेही मला मान्य आहे. आमच्या पत्रात टाकीची व्याख्या नव्हती; टाकी गळत होती.

आपल्या गोव्यात एक चूक मात्र मी समजू शकतो. आजच्या पोर्तुगीज लेखनात वार, महिने आणि भाषा यांची नावे स्मॉलने लिहितात, त्यामुळे त्या भाषेत वावरलेल्या माणसाने इंग्रजीत सोमवार लहान लिहिला, तर त्यामागे एका भाषेची शिस्त आहे. आमच्या चिटणिसांनी पोर्तुगीजचे एक अक्षरही गिरवलेले नाही. उलट वास्को द गामा या शहराचे नाव रोमन लिपीत लिहिताना मधल्या द साठीचा डी स्मॉल असतो, तोही त्यांनी मागच्या पत्रात कॅपिटल केला होता.

सर्वात जास्त संताप घरी आला. पाचवीतल्या माझ्या मुलीने निबंधात उन्हाळ्यासाठीचा समर हा शब्द वाक्याच्या मध्ये स्मॉल एसने लिहिला, तो शाळेत चूक ठरवून अर्धा गुण कापला गेला. वार आणि महिने कॅपिटलने लिहायचे, ऋतू नाहीत, हे तिला मीच शिकवले होते. आता ती मला विचारते, ‘‘बाबा, परीक्षेत कसे लिहू?’’ बरोबर लिहिल्याबद्दल गुण गमावलेल्या मुलीला मी काय सांगायचे?

पत्र शेवटी त्या सव्वीस कॅपिटल अक्षरांसह गेले, आणि तेही माझ्या सहीनिशी, कारण मी तेव्हा कामावर होतो आणि माझी सही आधीच्या कोऱ्या पानावर घेऊन ठेवलेली होती. तशी कोरी सही मी पुन्हा देणार नाही, आणि सुधारलेला मजकूर मला दाखवल्याशिवाय माझ्या नावाने एकही पत्र जाणार नाही, असे मी समितीला लेखी कळवले आहे. ते मी मराठीत लिहिले.