ताट पुसून खाल्लं तर इज्जत काय राहील?

कोल्हापुरात राहायचं आणि खानावळीत ताट निपटून उठायचं, हे शोभत नाही. बघणारे काय म्हणतील? घरी खायला मिळत नाही वाटतं. तेव्हा ज्यांना अजून चार माणसांत टाकायची सवय लागलेली नाही, त्या मागासलेल्या मंडळींसाठी हे मार्गदर्शन.

नमुन्यादाखल गेल्या रविवारचं एक ताट घ्या. खानावळीचं नाव कशाला, रविवारी दुपारी दोनला सगळ्या सारख्याच. सहा माणसांचं टेबल, सहा मटण ताटं. मंडळी उठल्यावर त्यातल्या एका ताटात उरलं होतं ते असं: दीड भाकरी, सुक्क्याचे तीन पीस, त्यातला एक नळीचा, चोखलेलासुद्धा नाही, भाताची मूद जशीच्या तशी, पांढऱ्या रश्श्याची वाटी काठोकाठ आणि तिच्यात बुडवलेला टिशू पेपर. या सगळ्यावर हात धुतलेलं पाणी, पिळलेल्या लिंबाच्या फोडीसकट. याला म्हणतात खानदानी जेवण. एकदम जमणार नाही, सराव लागतो.

सुरुवात ऑर्डरपासून करा. मेनूकार्ड उघडण्याआधीच 'फुल' सांगून टाका. हाफ १८० ला आणि फुल ३०० ला असेल, तर १२० रुपयांत तेवढंच आणखी मिळतंय, असा हिशेब मांडा. हाफची किंमत निम्मी कधीच नसते, कारण गॅस, जागेचं भाडं, वाढप्याचा पगार आणि ताट विसळणं हाफलाही तेवढंच लागतं. त्या खोलात तुम्ही जाऊ नका. जास्तीचे १२० देऊन घेतलेला माल ताटातच राहिला तरी 'परवडलं' असंच म्हणायचं.

भाकरी सगळ्या एकदम मागवा. चौघांत आठ. जोंधळ्याच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. तव्यावरची भाकरी दहा मिनिटांत वाफ सोडते, वातड होते आणि मग कडक. म्हणजे पहिली खाऊन होईतो दुसरी आपोआप टाकण्यालायक होते, तुम्हाला वेगळे कष्ट नाहीत. तेवढ्यात 'गरम आण रे' म्हणून ओरडा आणि आधीची ताटाच्या कडेला सरकवा. एकेक भाकरी सांगून खाणारे लोक असतात, पण त्यांच्याकडे वेळ असतो. आपल्याला जेवून लगेच रंकाळ्यावर जायचं असतं.

आता रस्सा आणि भात. खरी विद्या इथं आहे.

वाटीत साधारण दीडशे मिली रस्सा मावतो. तांबडा तीन वेळा, पांढरा तीन वेळा, झाले नऊशे मिली. वर सोलकढीचा ग्लास. पोट म्हणजे काही गच्चीवरची टाकी नव्हे, आरामात लिटर-सव्वालिटर मावतं. शिवाय भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात. तोवर वाढपी बादली घेऊन दोनदा येऊन जातो आणि तुम्ही वाटी पुढे करून बसलेले असता. भाताची पाळी येते तेव्हा पोटात रस्सा हिंदकळत असतो. भात मात्र ताटाबरोबरच येऊन पडलेला असतो, कारण तो आधीच वाढला की वाढप्याची एक खेप वाचते. पंचवीस मिनिटांत तो गार होतो आणि वरचे दाणे टणक. मग चार घास कालवायचे आणि सोडायचं. कुठल्याही खानावळीच्या मागच्या दाराशी खरकट्याची बादली बघा, वर पांढरंशुभ्र काय दिसतं ते. 'भात नंतर, अर्धा' एवढे तीन शब्द सुरुवातीलाच सांगितले तर हे सगळं टळतं. म्हणून ते सांगायचे नाहीत.

पांढरा रस्सा टाकायला तर विशेष शौर्य लागतं, कारण तो करणाऱ्याचा जीव त्यात गेलेला असतो. मटण शिजवून आधी अळणी, म्हणजे त्याचं बिनतिखटाचं पाणी, काढायची. खसखस, तीळ, काजू भिजवून गंधासारखे वाटायचे. नारळाचं पहिलं दूध शेवटी घालायचं आणि एकदा घातलं की उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर रस्सा फुटतो, तूप वर आणि पाणी खाली. म्हणून माणूस आचेपाशी उभा राहून ढवळत असतो. खसखशीचा भाव एकदा किराणा दुकानात विचारा. एवढं झाल्यावर ती वाटी तुमच्या पुढ्यात येते आणि तुम्ही तिच्यात टिशू बुडवता. पाटीवर 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं ना! हवा तितका प्या, असा त्याचा अर्थ हॉटेलवाल्याच्या डोक्यात होता. आपण तो सुधारून घेतला. उठता उठता वाढपी आला तर वाटीवर हात आडवा धरू नका, भरू द्या. नको म्हणणं अपमानाचं असतं.

पैलवान थाळी दिसली तर सोडू नका. दोन किलोंचं ताट, अर्ध्या तासात संपवलं तर फुकट, असलं काहीतरी असतं. ही थाळी मागवणाऱ्याला एक जिना चढला तरी धाप लागते, हा भाग वेगळा. तालमीतला पोरगा पहाटे उठून जोर-बैठका मारतो, दुपारी खातो आणि जे वाढलं ते संपवतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरणाऱ्याने ताटात टाकलेलं त्याच्या वस्तादानं बघितलं, तर त्या दिवशी शड्डू ठोकायची वेळच यायची नाही. पण नाव त्याचं आणि नासाडी आपली, एवढं तर चालतंयच की.

सहा वर्षांच्या पोरालाही पूर्ण ताट घ्या. वाटून दिलं तर त्याच्यावर संस्कार होतील.

दोन घासांची रील काढून झाली की उठा.

उरलेलं पार्सल कधी मागू नका. मागितलंच, तर घरी नेऊन फ्रीजच्या मागच्या कप्प्यात ढकला आणि विसरा. सुकं मटण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं तर दुसऱ्या दिवशी उत्तम लागतं. पांढरा रस्सा मंद आचेवर ढवळत गरम केला तर फुटत नाही. स्टीलचा डबा सोबत नेला तर प्लास्टिकही लागत नाही. ही माहिती वाया घालवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न फेकलं गेलं. त्यात ६० टक्के घरांतलं, आणि हॉटेल-केटरिंगचं २८ टक्के. म्हणजे तुमचं पार्सल तिसऱ्या दिवशी घरच्या डस्टबिनमध्ये गेलं की हॉटेलची बदनामी तेवढीच कमी. उपकारच.

लग्नकार्य असेल तर सोन्याहून पिवळं. प्लेट बारा इंची ठेवा. नऊ इंची ठेवली तर माणूस तेवढंच जेवतो आणि कमी टाकतो, हे प्रत्येक केटररला ठाऊक आहे. पण नऊ इंचीत खर्च दिसत नाही, आणि खर्च दिसला नाही तर लग्न कसलं? पंगतीत वाढपी विचारून वाढायचा. बफेत विचारणारं कुणी नाही, म्हणून पहिल्याच फेरीत जिलेबी, पुलाव, पनीर, दहीवडा यांचा एकाच प्लेटमध्ये चिखल करा. पदार्थ पंधरा ठेवले की प्रत्येकाचा एक चमचा चाखूनच प्लेट भरते, पोटाचा प्रश्नच येत नाही. आणि रात्री साडेअकराला, पातेली धुवायच्या आधी, अन्न गोळा करणाऱ्या पोरांना फोन लावा: 'दोनशे माणसांचं उरलंय, लगेच या, हॉल खाली करायचाय.' शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर तरी ठेवायचं नाहीतर ५ च्या खाली. मधल्या तापमानात दोन तासांवर गेलं की भरवसा नाही. भातात तर असे जंतू असतात की त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की वाढतात. तुमचा भात सातपासून उघडा पडलाय. पण फोन केला की पुण्य लागलं. त्या पोरांनी ते नेऊन टाकायचं कुठं, हे त्यांचं ते बघतील. नऊ वाजता पातेल्यात डोकावून अंदाज घेणं आणि झाकणासकट गरम द्यायची तयारी ठेवणं यजमानाला कसं जमणार? तो स्टेजवर फेटा सांभाळत असतो.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. हात ताटातच धुवा.

बेसिन दहा पावलांवर असतं, तिथं साबण असतो, पाणी असतं. पण उठून जायचं म्हणजे चालणं आलं. त्यापेक्षा ताटातच पाण्याचा ग्लास उपडा करावा, बोटं चोळावीत, लिंबाची फोड टाकावी, दात कोरून टूथपिक तिथंच खोचावी. एका मिनिटात मस्त काम होतं. त्या मिनिटापर्यंत भाकरी गाईला देता आली असती, हाडं कुत्र्याला, भात खतात नाहीतर बायोगॅसच्या टाकीत गेला असता. आता काहीच होत नाही. टूथपिक जनावराच्या घशात अडकते. तर्रीचं तेल पाण्याबरोबर मोरीत जातं, पाइपात थिजतं, चोंदतं. जे चोंदत नाही ते गटारातून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत. उरलेला लगदा घंटागाडीत. रोज शंभर किलोंवर कचरा करणाऱ्याने आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा, असा नियम २०१६ पासून आहे. टिशू, प्लास्टिक आणि पाण्यात भिजलेला हा काला कोण आणि कसा जिरवणार? तो कचऱ्याच्या ढिगात दबतो, आत हवा लागत नाही, मिथेन धरतो आणि ढीग आतून धुमसतो. झूमच्या, म्हणजे शहराच्या कचरा डेपोच्या, वासाची चौकशी कसबा बावड्यात जाऊन करा, ऐकून घ्यायची तयारी ठेवून.

आणि त्याआधी ते ताट एका बाईच्या हातात जातं. मोरीपाशी पाटावर बसलेली मावशी त्या गार, तेलकट, तुमच्या बोटांच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालते. आधी टिशू वेचते, मग टूथपिका, मग हाडं, मग ताट उपडं करते. दिवसाला तीनशे ताटं. तिला त्या खानावळीत मटण मिळतं की नाही, कधी विचारलंय?

लाज वाटत नाही?

२०१९ च्या शेवटी मटणाचा दर वाढला म्हणून याच शहरात आंदोलन झालं. बैठका झाल्या, किलोमागच्या दरावरून पेठापेठांतून घोषणा झाल्या. बरोबरच होतं. मग तेच मटण तीन पीस ताटात सोडून उठताना तुमची कृती समिती कुठं जाते? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला. दुधासाठी रांगा लागल्या, भाजी दिसेना. गल्लीगल्लीत बायका पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या थापत बसल्या होत्या, कागदात गुंडाळून, चटणी घालून. त्यातली एक तरी भाकरी कुणी टाकली का? अंबाबाईच्या अन्नछत्रात तुम्हीच शिताशितानं ताट निपटता, कारण तो प्रसाद. मग चारशे रुपये मोजले की ते अन्न राहत नाही का? पैसे तुम्ही दिलेत म्हणता. तुम्ही दिलेत ते ताटाचे. तांदळाला लागलेलं पाणी, बोकड पाळणाऱ्याचे कष्ट आणि त्या मावशीचे हात तुमच्या बिलात कुठं लिहिलेत?

भूक हाफची असेल तर हाफ सांगा. भाकरी एकेक मागवा. भात नंतर, अर्धा. नको असेल तेव्हा वाटीवर हात आडवा धरा, वाढप्याला राग येत नाही, सुटल्यासारखं वाटतं. उरलं तर डब्यात भरा आणि उद्या सकाळी खा.

आणि ताटात हात धुऊ नका. बेसिन तिकडं आहे, डाव्या हाताला.